दोरीवरची जागा

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी-सालेकशाकडील बायांना ‘लुगड्याची घडी सोडा’ असा उपदेश करणाऱ्यांना विचारावेसे वाटते, दोष कापडाचा की अंधाराचा? स्वच्छ धुऊन उन्हात वाळविलेले सुती कापड निर्धोक असते. परंतु दोरीवर धन्याचे धोतर मिरवते आणि घडी मात्र कुडामागे, ओलसर कोंदटात दडविली जाते. जंतू तेथेच वाढतात. (पावसाळ्यातली अडचण मात्र खरी.) २०१८ साली अस्मिता योजनेने जिल्हा परिषद शाळांतील मुलींना ५ रुपयांत ८ पॅड देऊ केले. उत्तमच! पण वापरलेले पॅड धानाच्या बांधीत पुरायचे की बोडीत फेकायचे? घरी शिवलेली, बटणाची घडी मात्र पुन्हापुन्हा वापरता येते. तिला पाणी, साबण आणि अंगणातल्या दोरीवर हातभर जागा हवी. ती देताना कुटुंबप्रमुखांची प्रतिष्ठा नेमकी कोठे दुखते?