दुखण्यातली ओवी



या सदरात एरवी भाताची, उसाची, जनावरांची बोलणी असतात. आजचा विषय वेगळा आहे, पण परका नाही. बांधावर पीक पाहायला गेले की निम्मे बोलणे घरातल्या आजारपणाचेच निघते. त्यात कर्करोगाचे नाव आले की सांगणारा आवाज खाली करतो.

घरही आवाज खाली करते. पवन मावळात काय, नाणे मावळात काय, मी हे पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. तपासणीचा कागद हाती आला की आधी रेडिओ बंद होतो. हरिपाठाला नेमाने जाणारे आजोबा देवळाची पायरी चढायचे थांबतात. चुलीपुढे गुणगुणणारी सासू मुकी होते. "घरात एवढं दुखणं अन् गाणी कसली लावता?" असे शेजारपाजारचेही बोलतात. मागची भावना चांगली असते. पण त्या शांततेत अंथरुणावर पडलेल्या माणसाला ऐकायला उरते काय? स्वतःचे दुखणे आणि ओसरीवर चाललेली खर्चाची कुजबुज.

वेदना आणि भीती एकाच जुवाला जुंपलेल्या असतात. एक ओढू लागली की दुसरीही ओढते. रात्री हे फार जाणवते. भीतीने अंग आवळते, श्वास उथळ होतो, झोप उडते आणि दिवसा सोसलेली कळ रात्री सोसवत नाही. आवडीचे संथ गाणे कानी पडले की मन दुखऱ्या जागेवरून थोडे हलते आणि श्वासही हळूहळू संथ होतो. श्वासाचा आणि मनाचा हा संबंध प्रयोगशाळेत तपासण्याचे काम आपल्या लोणावळ्यातच झाले आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम सुरू केले ते याच ध्यासाने.

संगीताचा कर्करुग्णांना कितपत उपयोग होतो, यावर जगभर चाचण्या झाल्या आहेत. अशा ८१ चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेन या संस्थेने २०२१ साली निष्कर्ष मांडले. त्यांत ५,५७६ रुग्ण होते. मोठ्या माणसांत काळजी, उदासी आणि वेदना कमी झालेल्या दिसल्या, थकव्यावर थोडाफार परिणाम दिसला. पुरावा अजून भक्कम नाही, तो जपून वाचावा, असेही तपासणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आवडला. बियाण्याच्या जाहिरातीत तो क्वचितच सापडतो!

म्हणूनच मोबाइलवर फिरणाऱ्या "अमुक राग ऐका, गाठ विरघळेल" असल्या निरोपांना भुलू नका. गाण्याने गाठ विरघळत नाही. गोठ्यात रेडिओ लावला म्हणून लाळ-खुरकुताची लस चुकवून चालते का? शस्त्रक्रिया, केमो, किरणांचा शेक, जे डॉक्टरांनी सांगितले ते वेळच्या वेळी झालेच पाहिजे.

मग गाण्याचे काम काय? ते आपल्या आया-आज्यांना पक्के ठाऊक होते. पहाटेचा काळोख, पायलीभर दळण, भरून आलेले खांदे, आणि तोंडाने ओवी चाललेली. ओवीने जाते हलके होत नव्हते, दळणारीला ते हलके वाटत होते. माहेरची आठवण, सासरचा जाच, लेकराचे कौतुक, विठ्ठलाची ओढ, सारे ती जात्यालाच सांगायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांपासून महाराष्ट्रभरातल्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. पण साठी-सत्तरीच्या कितीतरी बायांच्या ओठांवर अजून ओव्या आहेत. अशी बाई आजारी असेल तर तिच्यासाठी बाहेरचे संगीत कशाला शोधायचे? लेकीने नाहीतर सुनेने शेजारी बसून एक ओवी सुरू करावी. पुढची ती स्वतः धरील, नाही धरली तरी ऐकेल.

गाणे कोणते, हे मात्र रुग्णाने ठरवायचे. आपण चांगले म्हणून अभंग लावू आणि त्याचा जीव तमाशातल्या लावणीत असेल! लावणी तर लावणी. कोणी भारूड मागेल, कोणी जुनी सिनेमाची गाणी. वीस-पंचवीस मिनिटे, हलक्या आवाजात, जखमेचे ड्रेसिंग करण्याआधी किंवा रात्री झोपताना लावावे. एखाद्या गाण्याने गेलेल्या माणसाची आठवण येऊन डोळे भरतील. घाबरून लगेच बंद करू नका, "राहू दे का?" असे विचारा. नको म्हणाला तर मात्र खरोखर बंद करा. सिसप्लॅटिनसारख्या काही केमो औषधांनी कानांवर परिणाम होतो. कानात आवाज येतो किंवा ऐकू कमी येते असे रुग्ण म्हणाला तर आवाज न वाढवता डॉक्टरांना सांगा.

गावातल्या भजनी मंडळींनाही एक विनंती आहे. केमो चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. सारी दिंडी घरात नेऊ नका. सर्दी-खोकला नसलेले दोघे-तिघे, एक वीणा, टाळ अगदी हलके. पखवाज आणि कर्णा देवळातच राहू द्या.

परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून कर्करोगावर उपचार होत आहेत आणि आपल्याकडचे लोक लोणावळ्याहून गाडीने तिकडे जातात. कीर्तनाने रात्र जागवणाऱ्या गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे. टाटाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. तपासणीच्या रांगेत तास न् तास जातात, तेव्हा मोबाइलमध्ये रुग्णाच्या आवडीची गाणी आधीच भरून घ्या आणि कानात घालायची वायर बरोबर ठेवा. शेजारी दुसराही दुखणाईत बसलेला असतो.

आता वेदनेच्या गोळीविषयी, कारण ती हवी तिथे गाणे पुरे पडत नाही. मॉर्फिन म्हटले की "आता शेवट आला" किंवा "व्यसन लागेल" असे समजून घरचे लोक गोळी दडवतात. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. कळ असह्य होईपर्यंत थांबू नये, गोळी घड्याळाप्रमाणे द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगितले. मॉर्फिनने पोट साफ होत नाही, त्यासाठीचे औषध डॉक्टर सोबत देतात, तेही चुकवू नये. ही गोळी साध्या दुकानात मिळत नाही. आपल्या रुग्णालयात वेदनाशमनाचा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचा विभाग आहे का, असे स्पष्ट विचारा. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे असे केंद्र आहे. तिथे पैसे घेत नाहीत आणि रुग्णासोबत घरचे माणूस राहू शकते. जाताना जुने सगळे कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि कळ कोणत्या वेळी वाढते याची चार दिवसांची नोंद न्यावी. वहीचे एक पान पुरते.