गळकी बाटली आणि आपली फुप्फुसं

सातवीतल्या मुलाला एकदा विचारा, "श्वास घेताना छाती का फुगते?" बहुतेक मुलं सांगतात, "हवा आत जाते म्हणून." खरं तर उलटं आहे. छातीची पोकळी आधी मोठी होते, आतला दाब कमी होतो, म्हणून हवा आत शिरते.

हे फळ्यावर पटत नाही. बाटलीत पटतं.

पाण्याची रिकामी बाटली बुडाकडून कापायची (कापणं मोठ्यांनी करावं). झाकणाला भोक पाडून जुन्या बॉलपेनची पोकळ दांडी ओवायची, आतल्या टोकाला छोटा फुगा दोऱ्याने बांधायचा, भोकाभोवती एम-सील. कापलेल्या बाजूला मोठ्या फुग्याचं रबर ताणून बसवायचं. हे आपलं श्वासपटल. ते खाली ओढलं की आतला फुगा आपोआप फुगतो. फुंकर कोणीच मारलेली नसते!

पण हल्ली ही बाटली मूल करतच नाही. रात्री अकराला बाबा करतात, नाहीतर दुकानातून तयार येते. माझ्या वर्गात अशी एक देखणी बाटली आली होती, रंगवलेली, नावं चिकटवलेली. पहिल्या झटक्यात चालली. "का चालली?" विचारलं, तर मालक गप्प.

शेजारी एक मुलगी रडकुंडीला आलेली. "मॅडम, फुगा फुगूनच नाही राहिला न!" मी म्हटलं, पंक्चरवाला काय करतो? तिने झाकणाची बाजू बादलीतल्या पाण्यात बुडवली, दांडीच्या तोंडावर बोट धरलं आणि रबर आत दाबलं. एम-सीलच्या कडेने बुडबुडे! तिथून हवा थेट बाटलीत शिरत होती, मग फुग्यात कशाला जाईल?

इथे मी धडा सोडून पाच मिनिटं बोलले. अपघातात छातीला जखम होऊन फुप्फुसाभोवती हवा शिरली, तर फुप्फुस असंच आक्रसतं. डॉक्टर छातीत नळी घालतात आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवतात. हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, परत आत जात नाही. वर्ग एकदम शांत झाला होता. चालणाऱ्या बाटलीने हा विषय कधीच निघाला नसता.

ही बाटली थोडी खोटंही बोलते बरं का. तिच्या भिंती हलत नाहीत, आपल्या बरगड्या वर आणि बाहेर सरकतात. श्वासपटल मुळात घुमटासारखं असतं, आकुंचन पावलं की सपाट होतं. आणि फुप्फुस फुग्यासारखं रिकाम्या जागेत लोंबत नाही, छातीला आतून लागून असतं. हे फरक मुलांनाच शोधू द्या.

अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुकामध्ये वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करून दाखवली. आपल्या नागपुरातही अपूर्व विज्ञान मेळाव्यात महापालिका शाळांतली मुलं साध्या वस्तूंचे प्रयोग स्वतः करतात, समजावून सांगतात. मग आपल्याच प्रदर्शनात गुण थर्माकोलच्या रंगाला का? पालकांनो, एम-सीलपुरती मदत करा, बाकी मुलाला झुंजू द्या.

यंदा मी गुणतक्त्यात एक रकाना वाढवला आहे: 'पहिल्यांदा काय चुकलं?' काही जणांनी लिहिलं, 'काहीच नाही'. त्यांना बाटली वर्गातच उघडून पुन्हा जोडायला सांगितली आहे.