शिवारातील माशांच्या बंदोबस्ताबाबत पशुपालकांचे निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : कोंबड्यांची शेडे व दुभत्या जनावरांचे गोठे यांमध्ये माशांवाटे होणारा जंतुप्रसार.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पशुपालक, ज्यांच्यापैकी काहींचे दोन-चार म्हशींचे गोठे आणि काहींची अंड्यांच्या कोंबड्यांची शेडे एकाच शिवारात वसलेली आहेत, व जे एरवी याच माशांवरून ग्रामपंचायतीत एकमेकांविरुद्ध अर्ज करीत आले आहेत, ते आज प्रथमच एकत्रितपणे आपल्यापुढे ही कैफियत मांडीत आहोत.

माशी हा केवळ त्रासाचा विषय मानला जातो, आणि आमची मूळ तक्रार याच समजुतीविरुद्ध आहे. पिंजऱ्याखाली साचलेली विष्ठा कोरडी राहिली तर तीत अळी फारशी वाढत नाही. परंतु जेथे कोंबड्यांना पाणी पाजणारे एखादे निप्पल गळते तेथे खालच्या ढिगावर हातभर रुंदीचा ओला पट्टा तयार होतो, व तो काठीने उकरल्यास आत पांढऱ्या अळ्यांची वळवळ दिसते. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारी माशी होण्यास सात ते दहा दिवस पुरतात आणि एक मादी आपल्या आयुष्यात पाचशेपर्यंत अंडी घालते. घरमाशीला घन पदार्थ खाता येत नसल्यामुळे ती पोटातील द्रव त्यावर ओकून, तो विरघळवून मग शोषते. म्हणून विष्ठेवरून उठलेली माशी पायांच्या केसांवर, ओकारीत व विष्ठेच्या ठिपक्यांत साल्मोनेला, ई. कोलाय, कॅम्पायलोबॅक्टर असे जंतू घेऊन दावणीला येते, आंबोणाच्या घमेल्यावर बसते, धार काढताना ओल्या सडावर बसते, व तेथून दुधाच्या किटलीच्या काठावर जाते. उलट दिशेचा प्रवासही तितकाच खरा आहे. उकिरड्यावरची माशी शेडात शिरते आणि कोंबडी ती टिपून खाते.

शेडाच्या दारात पाय बुडविण्यासाठी औषधाचे पाणी ठेवावे, परक्या माणसास आत घेऊ नये, नवी जनावरे काही दिवस वेगळी बांधावीत, हे आपल्या खात्याचे उपदेश आम्ही यथाशक्ती पाळतो, आणि त्यांचे मोल आम्ही नाकारीत नाही. तथापि हा सारा बंदोबस्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या शेडासाठी वस्तीपासून सुचविलेले ५०० मीटरचे अंतरही दोन-तीन किलोमीटर जाऊ शकणाऱ्या माशीस रोखू शकत नाही. डेन्मार्कमध्ये २००६ सालच्या उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत मांसल कोंबड्यांच्या काही गृहांच्या वायुवीजन-मार्गांस जाळ्या बसवून पाहण्यात आल्या, तेव्हा कॅम्पायलोबॅक्टरने बाधित कळपांचे प्रमाण जाळी नसलेल्या गृहांत सुमारे ५१ टक्के, तर जाळी असलेल्या गृहांत सुमारे १५ टक्के आढळले. आमची शेडे बाजूंनी उघडी असतात व उन्हाळ्यात वारा अडविणे कोंबडीच्या जिवावर बेतते, त्यामुळे ही तजवीज जशीच्या तशी येथे लागू करा असे आमचे म्हणणे नाही. पण माशी अडविल्याने संसर्ग घटतो, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

याहून गंभीर गोष्ट प्रतिजैविकांची आहे. केंद्र सरकारने २०१९ साली पशुखाद्यातील व पशूंवरील कोलिस्टीनचा वापर बंद केला, हे योग्यच झाले. परंतु एका शेडात औषधास न जुमानणारे जंतू एकदा निपजले, की ते माशीच्या पोटातून, जेथे असे जंतू हा प्रतिकारगुण परस्परांस देऊ शकतात असे प्रयोगांत दिसून आले आहे, ज्याने त्या औषधाची बाटली कधी पाहिलीही नाही अशाच्या गोठ्यात पोहोचू शकतात.

सबब आमची विनंती अशी की, माशांचा बंदोबस्त ही एकेका मालकाची मर्जी न ठेवता संपूर्ण शिवाराची सामाईक जबाबदारी म्हणून जाहीर करावी. अळीची माशी होण्यापूर्वी, म्हणजे आठवड्याच्या आतच, ओली विष्ठा व शेण हलविण्याची, वाळविण्याची किंवा झाकून कुजविण्याची सक्ती असावी; मात्र लहान गोठेवाल्यास दंडाची नोटीस देण्यापूर्वी गावाबाहेर सामाईक खतकुंडासाठी जागा व अनुदान मिळावे, अन्यथा तो हुकूम कागदावरच राहील. कोंबडखत उघड्या ट्रॉलीतून नेण्यास व बांधावर आठवडेच्या आठवडे पसरून ठेवण्यास मनाई व्हावी. कीटकनाशकाची सरसकट फवारणी मात्र कृपा करून उपाय म्हणून फर्मावू नये. तिने माशी निर्ढावते आणि ढीग जागच्या जागी राहतो. खेरीज, पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत उन्हाळ्यात व पावसाळ्यात शेडे आणि गोठे या दोन्ही ठिकाणच्या माशा पकडून त्यांवरील जंतूंची व त्यांच्या औषध-प्रतिकाराची तपासणी प्रयोगशाळेत करवावी, आणि तिचा निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा.

येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या अधिकाऱ्यांनी उभय पक्षांच्या समक्ष स्थळपाहणी करावी व तिची तारीख आम्हांस आगाऊ कळवावी, ही विनंती.

आपले नम्र,
शिवारातील गोठेधारक व कोंबडीपालक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)