सुट्टीत पोराने जावे कुठे?



आज आम्हाला आमचीच एक चूक सांगायची आहे. आमच्या कचेरीतील एका शिपाईदादांचा मुलगा शिष्यवृत्तीवर इंग्लंडमधील लीड्स शहरी शिकायला गेला. पहिल्या डिसेंबरात त्याचा फोन आला. "काका, नाताळची तीन आठवडे सुट्टी आहे. वर्गातली मुले एडिंबरोला चालली आहेत. जाऊ का?" आमचे शिक्षण बी. कॉम.; वस्तीत पैशाचा प्रश्न निघाला की लोक आमच्याकडे बोट दाखवतात. आम्हीही रुबाबात सांगून टाकले, "शिष्यवृत्ती शिकायला मिळाली आहे, हिंडायला नव्हे. खोलीत बस आणि पुस्तक उघड."

पोरगा आज्ञाधारक, तो बसला. वसतिगृह रिकामे झाले. २५ डिसेंबरला त्या देशात रेल्वे धावत नाही, मोठी दुकाने तर कायद्यानेच बंद असतात. दुपारी पावणेचारला अंधार. तीन दिवस त्याच्याशी कोणी एक शब्द बोलले नाही. घरी फोन केला की "मजेत आहे" म्हणायचा. खरे काय ते त्याने फेब्रुवारीत आईला सांगितले, आणि वहिनींनी आम्हाला. "भाऊजी, तुमचं ऐकलं त्यानं," एवढेच त्या म्हणाल्या. आम्हाला मान वर करता आली नाही.

आपल्या घरांत सुट्टी म्हणजे गावी जाणे, नाहीतर जादा पाळी करणे. नुसते चार दिवस कुठेतरी जाऊन यावे, हे आपल्या बापजाद्यांना कधी परवडलेच नाही. म्हणून पोरगा 'फिरायला' म्हणाला की आपल्याला तो चैन करतोय असे वाटते. घरीच का येत नाही, असेही आपण विचारतो. डिसेंबरात मुंबईचे विमान किती महाग असते ते एकदा तिकीट बघून या. शिवाय पदव्युत्तर वर्गाचे निबंध बहुधा जानेवारीतच द्यायचे असतात. सुट्टीत काम करून दोन पैसे जोडण्याची मुभा आहे, आणि मुलांनी ते जरूर करावे. पण तीन आठवड्यांतले चार दिवस काढून ठेवावेत.

मग जायचे कुठे? त्यानंतर आम्ही त्याच्याबरोबर बसून, म्हणजे तो तिकडे आणि आम्ही फोनवर, हा हिशेब नीट मांडला.

सगळ्यांच्या डोक्यात आधी पॅरिस येते. विद्यार्थ्याकडे ब्रिटनचा व्हिसा असला तरी आपल्या पासपोर्टवर युरोपसाठी शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. २०२४ पासून त्याची फी ९० युरो आहे. वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार, ३० हजार युरोचा विमा, बँकेचे उतारे, विद्यापीठाचे पत्र. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. नाताळच्या तोंडावर तर भेटीची वेळ मिळतानाच नाकी नऊ येतात. ज्याला युरोप पाहायचा त्याने ऑक्टोबरातच ठरवावे. डिसेंबरात सुचले तर तो बेत पुढच्या सुट्टीवर टाकावा. स्वस्त विमानाचेही तसेच. तिकीट स्वस्त, पण बॅगेचे पैसे वेगळे आणि विमानतळ गावापासून कोसभर नव्हे, कोसच्या कोस दूर.

एक धोका मात्र ठळकपणे सांगतो. बेलफास्ट हे उत्तर आयर्लंडातले, म्हणजे ब्रिटनमधलेच शहर. तिथे खुशाल जावे. पण तिथून डब्लिनची बस दोन-अडीच तासांत पोचते आणि वाटेत नाका दिसत नाही, म्हणून मुले सहज चढतात. डब्लिन हा दुसरा देश आहे. आपल्या विद्यार्थ्याला तिथला स्वतंत्र व्हिसा लागतो आणि तपासणी कुठेही होऊ शकते. शिकायला गेलेल्या मुलाने बेकायदा प्रवासाचा डाग का लावून घ्यावा?

म्हणून पहिल्या वर्षी देशातल्या देशात जावे. तिकडे रेल्वेचे एक सवलतीचे कार्ड मिळते, १६ ते २५ वयाच्यांना, आणि पूर्ण वेळ शिकणाऱ्यांना त्यानंतरही. २०२५ मध्ये त्याची किंमत ३५ पौंड झाली. भाड्यात एक-तृतीयांश सूट. म्हणजे वर्षात १०५ पौंडांची तिकिटे झाली की कार्डाचे पैसे वसूल. बस त्याहून स्वस्त, पण वेळ खाते. राहायला यूथ हॉस्टेल. ही संस्था तिकडे १९३० साली कमी पैशाच्या तरुणांसाठीच निघाली. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर असते, तेव्हा तांदूळ-डाळ सोबत न्यावी. हिवाळ्यात दिवस आखूड, म्हणून डोंगरदऱ्या ईस्टरच्या सुट्टीसाठी ठेवाव्यात आणि नाताळात संग्रहालयांची शहरे गाठावीत. एडिंबरो सुंदरच आहे, पण नववर्षाच्या रात्री तिथल्या खोल्यांचे दर गगनाला भिडतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जावे.

ईस्टरला पोरगा निघाला. आधी जवळच्या यॉर्कला गेला. तिथले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय फुकट. १९३८ साली ताशी १२६ मैल धावलेले मॅलार्ड हे वाफेचे इंजिन तिथे उभे आहे. त्याचे आजोबा रेल्वेत गँगमन होते, त्यामुळे फोटो थेट आजोबांच्या फोनवर आला.

दुसरे ठिकाण आम्ही सुचवले होते, आणि इथे आम्ही थोडी पाठ थोपटून घेतो. मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचे गिरणगाव आहे. १८४४ च्या डिसेंबरात तिथल्या २८ जणांनी, विणकर आणि इतर कारागिरांनी, जेमतेम २८ पौंडांच्या भांडवलावर टोड लेनवर स्वतःचे दुकान काढले. लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. भेसळ नाही, माप चोख, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत. जगभरच्या सहकारी चळवळी याच दुकानाला आपला आदर्श मानत आल्या. त्या घरात आता संग्रहालय आहे. पोराने तिथून व्हिडिओ कॉल लावला. वहिनी वस्तीतल्या बचत गटाच्या खजिनदार. त्यांनी काउंटर, तराजू सगळे नीट बघून घेतले आणि विचारले, "उधारी देत होते का?" पोराने आत जाऊन विचारले. देत नव्हते, रोखीचा व्यवहार. "बघा," असे म्हणून वहिनींनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचा अर्थ गटाच्या सभासदांना कळेल.

आता प्रबंध सप्टेंबरात द्यायचा आहे. उन्हाळा लांबलचक दिसला तरी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो बहुतेक विद्यापीठांत सुट्टीत धरत नाहीत आणि कामाची आठवड्याला २० तासांची मर्यादा सुरूच राहते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. प्रबंध दिला की त्याला लंडनला जायचे आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे पाहायची आहेत, तीही फुकट. आणि १० किंग हेन्रीज रोड, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले आणि जे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. वहिनींनी फोटो मागितला आहे, दाराबाहेरचा नव्हे, आतला. घर कोणत्या दिवशी, किती वाजता उघडे असते ते आधी विचारून घे, असे आम्ही त्याला दोनदा बजावले आहे.