गाठ आधी दाखवा!

स्तनात गाठ हाताला लागते आणि बाई गप्प बसते. नवऱ्याला सांगायची लाज, सासूला सांगायची भीती. मग एखादी मैत्रीण हळूच सुचवते, ‘अगं, प्रिमरोजच्या तेलाच्या कॅप्सूल घे, व्हिटॅमिन ई घे, गाठ विरघळते.’

नाही विरघळत, बायांनो! तरुण मुलींमध्ये सर्रास आढळणारी फायब्रोअडिनोमाची गाठ अशा कॅप्सूलने विरघळते, याला पुरावा नाही. तपासणीत ती साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली, ठरली, तर बहुतेकींना नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं. पण साधी आहे हे ठरवायचं कुणी? दुकानदाराने नव्हे. डॉक्टरांचा हात, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि गरज पडली तर सुईने घेतलेला नमुना, यांनीच ते ठरतं.

दुखण्याचंही तेच. पाळीआधी स्तन जड होतात, ठणकतात आणि पाळी आली की उतार पडतो. त्यावर ईव्हनिंग प्रिमरोजचं तेल वर्षानुवर्षं दिलं गेलं. ब्रिटनमध्ये त्याला औषधाचा परवानाच होता. गुण येतो याचा पुरेसा पुरावा नाही म्हणून २००२ साली तो काढून घेतला गेला. पुढे एका चाचणीत तेलातला गुणकारी मानलेला घटक घेणाऱ्या आणि नुसती दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्या, दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालं. त्या बायकांचं दुखणं खरं होतं, उतारही खरा होता. श्रेय मात्र कॅप्सूलचं नव्हतं. नीट बसणारी ब्रा आणि ‘हा कर्करोग नाही’ हा तपासणीनंतरचा धीर, यांनी पुष्कळ जणींना बरं वाटतं. या दुखण्यावर कुणी आयोडीनच्या गोळ्या सुचवल्या, तर त्या मनाने घेऊच नका, थायरॉईड बिघडू शकतो. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कॅप्सूलच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापलेलं असतं, ते मुलीकडून वाचून घ्या.

कॅप्सूलच्या भरवशावर गेलेले महिने परत येत नाहीत, हा माझा खरा राग आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तन तपासले. तिथे कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये त्याने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. महागडं यंत्र नव्हतं, डबाही नव्हता. होता तो शिकलेला हात!

तो हात मागा. तिशीपुढच्या स्त्रियांची स्तनतपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. आशाताईला विचारा, आपल्या केंद्रावर ती कोणत्या दिवशी होते. होत नसेल, तर ग्रामसभेत उभं राहून जाब विचारा. नवी गाठ, स्तनाग्रातून रक्त, आत ओढलेलं स्तनाग्र, खळी पडलेली त्वचा, यातलं काहीही दिसलं तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आणि घरातल्या पुरुषांनो, तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा.