एम्प्रेसमधला बाक

सुट्टीत पुण्याला आलेल्या पाहुण्यांना आपण आधी शनिवारवाडा दाखवतो, मग सारसबाग. सारसबागेवर माझा राग नाही हो. नानासाहेब पेशव्यांनी करवलेल्या तळ्यातला गणपती आहे तो! पण संध्याकाळी तिथे निवांत जागा मिळाली तर शपथ. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान सुरेखच, ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेलं. तिथे मात्र जो तो फोटो काढत असतो. (मीही काढले.) असो.

शांतता हवी तर रेसकोर्सजवळचं एम्प्रेस गार्डन. जुनी, प्रचंड झाडं आणि भर दुपारीही गर्द सावली. आई गेल्यानंतर बाबा अधूनमधून तिथे जायचे. एकदा मीही सोबत गेलो. दोन तास एका बाकावर बसलो, कुणीच काही बोललं नाही. निघताना म्हणाले, "बरं वाटलं."

हल्ली बाग म्हटलं की कारंजी, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट. मला विचाराल तर आधी सावलीत चार बाक ठेवा, उरलेल्या पैशांत काय ती कारंजी उडवा.

तर मंडळी, थंडीत याल तेव्हा एम्प्रेसला जाऊ. फक्त जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाचे दिवस सोडून. तेव्हा तिथेही जत्रा असते.