वांगाचे मलम चिठ्ठीशिवाय नको

गालांवर, कपाळावर किंवा वरच्या ओठावर तपकिरी डाग उमटले की डॉक्टरांआधी औषधाचे दुकान गाठले जाते. ‘वांगासाठी काहीतरी द्या’ एवढे म्हटले की छोटी ट्यूब हातात पडते. काही आठवड्यांत चेहरा उजळतो आणि तीच ट्यूब बहिणीला, शेजारणीला सुचवली जाते.

या ट्यूबमध्ये अनेकदा तीन औषधे एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखे स्टेरॉइड. वांगावर हे मिश्रण गुणकारी आहे. पण ते ठरावीक आठवडेच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे असते. गोरेपणाचे क्रीम समजून ते महिनोन्‌महिने लावले, तर स्टेरॉइडमुळे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते, चेहऱ्यावर लव वाढते. मलम बंद करावे तर चेहरा लाल होऊन त्याची आग होते. पुन्हा लावले की बरे वाटते. सवय जडते ती अशी.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइडयुक्त मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकणे नियमबाह्य आहे. तरीही चिठ्ठी न मागता ती विकली जातात. दोष केवळ ग्राहकाच्या अज्ञानाचा नाही. औषध निरीक्षकांनी या विक्रीची तपासणी करायला हवी, वेष्टनावर ‘स्टेरॉइड’ हा शब्द ठळक मराठीत हवा आणि डॉक्टरांनीही ‘किती दिवस लावायचे’ हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहायला हवे.

वांग चिवट असतो. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि आनुवंशिकता यांचा त्यात वाटा असतो. म्हणून उन्हापासून बचाव हाच उपचाराचा पाया. छत्री, स्कार्फ आणि रोजचे सनस्क्रीन हवे. आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन दृश्य प्रकाशही अडवते आणि तोही वांग वाढवतो. गरोदर स्त्रियांनी ट्रेटिनॉइन व हायड्रोक्विनोन टाळावे. ॲझेलेइक ॲसिडसारखा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. जे अनेक महिने स्टेरॉइड लावत आहेत, त्यांनी ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते कसे थांबवायचे, हे तेच ठरवतील.

डाग फिके व्हायला काही महिने लागतात, हे दुकानदार सांगत नाही. आठवड्यात गोरेपणा देणाऱ्या ट्यूबवर संशय घ्यायला मात्र ग्राहकानेच शिकले पाहिजे.